एका हातात मावेल एवढी कादंबरी

बशीरभाईंचा फोन आला तेव्हा मी पाहुण्यांसाठी पोहे भिजवत होते. नागावला आमच्या वाडीत चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्या दिवशी चारही लागल्या होत्या आणि पुण्याहून आलेली एक बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगत होती, पोह्यांत शेंगदाणे नकोत, मुलीला चालत नाहीत. मी मान हलवत फोन कानाला लावला. "शैलाताई, नसीमचा इंतकाल झाला. आज सकाळीच," बशीरभाई म्हणाले. नसीमचा नवरा मोठ्या आवाजाचा नाही, कधीच नव्हता. आखातात अर्धा जन्म काढून आलेला, जपून बोलणारा माणूस. मी विचारलं, "कधी नेणार?" ते म्हणाले, "दुपारच्या नमाजनंतर." मग मी फोन ठेवला, पोह्यांना फोडणी दिली, शेंगदाणे घातले नाहीत, खोल्यांत ताटल्या पाठवल्या. मीठ घातलं होतं की नाही, देव जाणे. अशी बातमी आली की हातातला कप खाली पडून फुटतो असं कादंबऱ्यांत असतं. नसीमला ते फार खटकायचं. पुस्तक मिटून म्हणायची, "ह्यांच्या घरी कप तरी किती गो? बातमी आली की फोडतात!"

रेवदंड्याला पोचले तेव्हा तिला आंघोळ घालून झाली होती. बायकांच्या खोलीत तिच्या जावेने मला सरकून जागा दिली. मेल्यावर माणूस शांत दिसतो म्हणतात. ती शांत दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. तिचा धाकटा भाऊ सलीम कुवेतला. कुणीतरी व्हिडिओ लावून फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला होता आणि त्या पडद्यात तो हमसून हमसून रडत होता. मी तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तो फोन हिसकावून विहिरीत टाकावा असं मला वाटलं. का, ते पुढे येईलच. आता दोन महिने होत आले आणि राग जिथल्या तिथे आहे.

नसीम माझी बालपणीची मैत्रीण वगैरे नव्हे. तिचं माहेर म्हसळ्याचं, सासर रेवदंड्याचं. मी लग्न होऊन नागावात आलेली. ओळख झाली ती मिनीडोरमध्ये, आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षेत. अलिबागहून घरी येत होते, मांडीवर वाचनालयाची कादंबरी उघडी. शेजारी काळ्या बुरख्यातली एक बाई दाटीवाटीने बसलेली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "झालं का वाचून? उलटा की पान." मी चमकून पाहिलं. तर वर मलाच ऐकवते, "फार सावकाश वाचता तुम्ही. मी केव्हाची शेवटच्या ओळीवर येऊन थांबल्ये." नागाव आलं, मी उतरले नाही. प्रकरण संपेस्तोवर दोघी एकाच पुस्तकात डोकी घालून बसलो आणि मी रेवदंड्यापर्यंत जाऊन परत आले. सासूबाईंनी उशीर का झाला विचारलं, तर सांगणार काय? पुढे कळलं की ती तिकडे मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. लोक तिला कौतुकाने म्हणायचे, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" ती तितक्याच कौतुकाने म्हणायची, "तुम्ही पण." ते शुद्ध मराठी शाळेपुरतं आणि परक्यांपुरतं. माझ्याशी मात्र पहिल्या महिन्यातच घरच्या 'हाय-न्हाय' बोलीवर आली आणि मला 'शैले' म्हणायला लागली.

पुढे आम्ही खोल्या द्यायला लागलो आणि पुस्तकांची ददात मिटली. पाहुणे काय काय विसरून जातात! चार्जर, ओले पंचे, एकदा तर कवळी. आणि पुस्तकं. समुद्रावर निवांत वाचू म्हणून भलं जाडजूड काहीतरी आणतात, दोन पानं होतात न होतात तोच स्पीडबोट, मग पापलेट, मग झोप. फोन करून सांगितलं तर म्हणतात, "राहू द्या काकू, तुम्हीच वाचा." तेव्हा आम्हीच वाचायचो. मी आधी, मग नसीम, आणि मग पडवीत बसून वाद. तिची मतं सगळी मासळीबाजारातली होती. एखादी कादंबरी 'बोंबील': दिसायला गुबगुबीत, शिजवायला घेतली की नुसतं पाणी. एखादी 'सुरमई': सगळे वाखाणतात म्हणून आपणही वाखाणायची. आणि जी खरोखर आवडली ती 'मांदेली'. चिमूटभर मासा, काट्यांनी घसा धरतो, पण ताट चाटूनपुसून साफ. मांदेली फार थोड्यांना मिळाली. मी एखाद्या पुस्तकाने रडले तर तिला ते मुळीच पटायचं नाही. "तुझं काय सांगू नकोस. तू नारळ पडला तरी रडतंस," म्हणायची.

अलीकडच्या कादंबऱ्यांतली एक आम्ही कधी विसरणार नव्हतो. शहरातली एक बाई, मोठी नोकरी, नवऱ्याशी पटत नाही, म्हणून स्वतःला शोधायला कोकणात येते आणि एका घरगुती निवासात उतरते. तिथली मालकीण साधीभोळी मावशी. ही मावशी दर दहा पानांनी सोलकढीची वाटी पुढे करते आणि आयुष्याचं एखादं सत्य सांगते. मला वाचताना बरं वाटलं होतं, कबूल करते. आपल्यासारखीच कुणीतरी पुस्तकात आली म्हणून. नसीमने वाचली आणि दोन दिवसांनी येऊन पडवीत आपटली. "ही मावशी विजेचं बिल भरत न्हाय का? हिच्या संडासात कधी काय तुंबत न्हाय? पाहुणे दारू पिऊन वाडीत ओकत न्हायत? नुसती सोलकढी आन् सत्य!" मग माझ्याकडे वाटी पुढे केल्याचा आव आणून म्हणाली, "सांग बाय, तू पण सांग काहीतरी सत्य." मी म्हटलं, "चार नंबरची टाकी भरल्ये, मोटर बंद कर." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुस्तक कुठेतरी आहे अजून, त्याच्यावर मी कुंडी ठेवते.

पण तिचा खरा जीव होता फँटसीत. ड्रॅगन, शापित राजकन्या, बोलणारे डोंगर. मराठीत अनुवाद होऊन आलेले ते विटांएवढे ग्रंथ. पन्नाशीची शिक्षिका आणि हे काय पोरकट वाचतेस, असं मी विचारायची. ती म्हणायची, "खरी माणसं मी शाळेत दिवसभर बघते. तिथं जे चालतं, त्याच्यापेक्षा ड्रॅगन बरा, निदान आग कुठून येते ती दिसते." मात्र तिथेही सूट नाही. एका कादंबरीत समुद्रात बुडालेलं शहर होतं आणि रोज बरोबर मध्यान्हीला ओहोटी लागली की मेलेली माणसं त्या शहरातून चालत किनाऱ्यावर यायची. मेलेली माणसं चालतात ह्याला तिची हरकत नव्हती. "पण रोज त्याच वेळेला ओहोटी? ओहोटी रोज पुढं सरकते, हे आमच्या दारातल्या पोराला पण कळतं. मेलेल्याला जिवंत कर, पण दर्या नीट लिही की रे!" दर्या नीट नाही म्हणून तिने तो खंड अर्धाच ठेवला. मी पुढचा वाचला, मला आवडला. त्यातली मेलेली आई शेवटी घरी राहायला येते. नसीम म्हणाली, ते तर अजून वाईट. गेलेल्याला परत आणायचं हा लेखकाचा लबाडपणा. पुस्तकात आणतात आणि वाचणारा बिचारा दाराकडे बघत बसतो.

मग तिची किडनी गेली. आधी पाय सुजायचे, ती म्हणायची उभं राहून शिकवते म्हणून. रक्तदाब, हे, ते... आणि एका पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गेल्यात, आता आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस. डाव्या हाताला सुया, तो हात जराही हलवायचा नाही, आणि मशीनला जोडून चार तास पडून राहायचं. वर टीव्ही, त्यावर दिवसभर सासवा-सुनांच्या मालिका. पहिल्या आठवड्यानंतर मला म्हणाली, "शैले, मरायची भीती नंतर. आधी ह्या मालिकेनं मरेन." पुस्तक नेलं तर उजव्या एका हातात धरवेना. पातळ कादंबऱ्या जमायच्या, पण तिला हवे होते तिचे ग्रंथ. मनगट दुखायचं, पुस्तक छातीवर पडायचं, एकदा नर्सच्या पायावर पडलं.

तेव्हा मी ती गोष्ट सुरू केली, जी ऐकून पुस्तकवेडे लोक कानांवर हात ठेवतील. पहिलं पुस्तक मी वाडीतल्या कोयतीने कापलं. हो, नारळाच्याच. नंतर पेपर कटर आणला. जाड ग्रंथाची पाठ सोडवायची, त्याचे चार-पाच भाग करायचे, प्रत्येक भागाला दाभणाने दोरा घालून शिवायचं आणि वर जुन्या कॅलेंडरचं पान लावायचं. पहिल्यांदा कोयती लावताना मी अडले, विद्येची वस्तू... नसीम समोर बसली होती. म्हणाली, "काप गो. देवाचं काय ते मी बघत्ये, दोन्ही देवांचं." अशी एका हातात मावणारी कादंबरी घेऊन ती मशीनवर जायची आणि परत येताना माझ्याकडे उतरायची. डायलिसिसनंतर तिला इतका थकवा यायचा की थेट रेवदंड्यापर्यंत बसवायचं नाही. कोपऱ्यातल्या खोलीत पंखा पूर्ण लावून झोपायची, उठली की तासाभरात मत तयार.

एकदा घोटाळा झाला. भाग शिवताना कॅलेंडरची पानं वरखाली झाली आणि दुसऱ्या भागाऐवजी मी तिला तिसरा दिला. तिने तो चार तासांत अख्खा वाचला. घरी येऊन म्हणाली, "फारच धीट लेखक हाय. राजा मेला कधी ते सांगितलंच न्हाय. सरळ त्याची बायको विधवा म्हणून समोर आणली. वाचणाऱ्याला अक्कल हाय असं धरून चालतो." माझ्या टेबलावर तो दुसरा भाग पडलेला, त्यात राजा चांगला साठ पानं मरत होता. मी सांगितलं तेव्हा आधी शिव्या दिल्या. मग दुसरा भाग वाचलाच नाही. म्हणाली, लेखकापेक्षा तुझी चूक चांगली. पुढे कितीतरी दिवस एखादी कादंबरी लांबायला लागली की म्हणायची, "ह्यातला पण दुसरा भाग काढ गो, कोयती आण."

हे सगळं गमतीचं वाटेल. गमतीचं नव्हतं. पाणी मोजून प्यायचं, तेही इतकं कमी की बर्फाचा खडा तोंडात धरून दुपार काढायची. वाडीत शहाळी लगडलेली आणि तिला शहाळं म्हणजे विष. अंगाला खाज, इतकी की झावळीच्या हिराने पाठ खाजवायची. ह्या दिवसांत तिच्या हाती एक गाजलेली कादंबरी लागली, अशाच आजारी बाईची. ती बाई खिडकीतून गुलमोहर बघत बघत, सगळ्यांना माफ करत मरते. मी वाचताना रडले होते, म्हणून मोठ्या हौसेने दिली. नसीमने परत देताना विचारलं, "हिला खाज का सुटत न्हाय? हिला कुणाचा राग का येत न्हाय? मरायला टेकलेल्या माणसाला एवढं शहाणपण कुठनं येतं? मला तर येत न्हाय. मला फक्त तहान लागते." फँटसीतला एक वीर वाळवंटात पाण्यावाचून चालतो आणि शेवटी सैन्यापुढे भाषण करतो, तो तिने मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "तहानलेला माणूस भाषण करत न्हाय, शैले. नळाकडं बघतो." ते ऐकून मी घरात जाऊन पाणी प्यायले तेसुद्धा चोरून.

एकच आशा होती, दुसऱ्याची किडनी. बशीरभाईंना मधुमेह, त्यांची चालणार नव्हती. मूलबाळ नाही. मुंबईच्या यादीत नाव घातलं होतं, तिथून फोन कधी आलाच नाही. राहिला सलीम. तिच्यापेक्षा बराच लहान. आई लवकर गेल्यावर नसीमनेच त्याला वाढवला, न्हाऊमाखू घातला, शाळेत नेला. तो कुवेतहून रजा काढून आला, म्हणाला, "आपा, माझी घे." तपासण्या सुरू झाल्या. आणि जुळलं! रक्त जुळलं, सगळं जुळलं. तो महिना तिच्या तोंडावर जो रंग होता, तो मी विसरणार नाही. शहाळ्याखाली उभी राहून म्हणाली, "पहिलं हे. आख्खं. आन् मलई पण." मीही मूर्खासारखी झाडावर एक घड तिच्या नावाने राखून ठेवला.

त्याच महिन्यात आम्ही एक तीन खंडांची फँटसी वाचत होतो. भाऊ-बहिणीची. बहिणीला शाप आहे, ती दर पौर्णिमेला थोडी थोडी दगड होत जाते, आणि एका म्हातारीने सांगितलंय की भावाने आपलं अर्धं आयुष्य दिलं तर ती वाचेल. दोन खंड तो भाऊ देऊ की नको करत राज्यभर हिंडतो. कापायचं काम माझं, म्हणून मी नेहमी एक भाग पुढे असायची, आणि पुढचं सांगायचं नाही हा आमचा रिवाज. ती फार कडक होती त्या बाबतीत. पण एके दिवशी मशीनवरून आली, झोपली नाही, पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "शेवटचा भाग वाचलास ना? सांग, देतो का तो?" तिने कधीच असं विचारलं नव्हतं. मी हसून म्हटलं, "देतो. हसत हसत देतो. काय सुंदर लिहिलंय!" मला वाटलं ती खूश होईल. ती बराच वेळ फरशीकडे बघत बसली. मग म्हणाली, "हसत? मग खोटा हाय तो लेखक. त्याला सख्खं कुणी नसणार." शेवटचा भाग शिवून तयार होता, तो तिने उचललाच नाही.

सलीमच्या सह्या व्हायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी तो परत गेला. कारणं होती. तिथे क्रेन चालवायचा. व्हिसाच्या वेळी दरवेळी डॉक्टरी तपासणी, एक किडनी म्हटलं तर घरी पाठवतील. दोन लहान पोरं. बायको म्हणे पाय धरून बसली. सगळं खरं असेल. पण मला विचाराल तर कारणं आधीही होती की! ती काय विमानात बसल्यावर सुचली? आडात नव्हतं तर आधी पोहरा सोडायचा कशाला, तिला आशा लावून? मी नसीमपुढे त्याला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "त्याचं बरोबर हाय." मी म्हटलं, "काय बरोबर? पाच वर्षांचा होता तेव्हापासून तू..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "शैले, तो घाबरला. घाबरलेला पोरगा मी ओळखत्ये. शेवटचे आठ दिवस घास उतरत नव्हता त्याला. मीच म्हटलं जा." म्हटलं असेल. पण ती म्हणाली आणि तो गेला, हेच मला पचत नाही.

त्यानंतर सगळं उतरणीला लागलं. कधी सुईच्या जागी सूज, कधी ताप, एकदा छातीत पाणी. डायलिसिसला दांड्या मारायला लागली. बशीरभाई हाता-पाया पडून न्यायचे. मी पुस्तकं कापत राहिले, ती वाचेनाशी झाली. अक्षरं सरकतात म्हणाली. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. दोन पानं ऐकली आणि हात वर केला, "नको गो. तू वाचतंस तेव्हा सगळी माणसं चांगलीच वाटतात." शेवटची भेट तिच्याच घरी, मरण्याच्या चार-पाच दिवस आधी. जावेने सांदणं केली होती, माझ्यापुढे बशी, तिच्यापुढे काहीच नाही. मला धीर द्यायचा होता. तोंडातून बाहेर पडलं, "होशील गं बरी." तिने माझ्याकडे पाहिलं. वाईट पुस्तकाकडे पाहायची तसंच. "असं न्हाय लिहायचं," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले. मी तिचा हात धरून बसले. मनात सारखं येत होतं, हिला सांगण्यासारखं खरं असं माझ्यापाशी काय आहे? काही नव्हतं. आजही सुचलेलं नाही.

चाळिसाव्या दिवसाला सलीम आला. आणि दुसऱ्या दिवशी बशीरभाईंची स्कूटर घेऊन माझ्या दारात. वाळलाय. पडवीच्या कडेवर अंग चोरून बसला आणि म्हणाला, "ताई, आपा इथं काय करायची?" मी म्हटलं, "झोपायची. वाचायची. मला शिव्या द्यायची." त्याने विचारलं, तिच्या वाचण्यातलं एखादं मिळेल का. मी आत गेले आणि तो शेवटचा भाग आणून त्याच्या हातात ठेवला. भाऊ अर्धं आयुष्य देतो तो. मुद्दाम दिला. आधीची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली आणि म्हटलं, वाच. वाटलं, लागू दे थोडं. तो तिथेच बसून वाचायला लागला, ओठ हलवत, सवय नसलेल्या माणसासारखा. चहावर साय आली. उन्हं वाडीतून पार कुंपणापर्यंत गेली, मी दोन पाहुण्यांना खोल्या दाखवून आले, तरी वाचतोच आहे.

संपल्यावर त्याने पुस्तक मिटलं. म्हणाला, "ताई, हे कुणी लिवलंय? ह्याला बहीण न्हाय वाटतं." तो बोलतच राहिला, "हा देतो आन् हसतो. ह्याला भीती वाटत न्हाय? मला वाटली ताई. ते कागद वाचायला दिले तेव्हा माझे हातपाय गार पडले. मला द्यायची होती. आईशप्पथ, द्यायची होती. आन् पळून पण जायचं होतं. दोन्ही एकदम. असं ह्यात कुठंच न्हाय." मग घाबरत विचारलं, "आपानं वाचलं हे?"

"नाही," मी म्हटलं. "शेवट विचारला होता. सांगितला, तर खोटा आहे म्हणाली. भाग घेतलाच नाही."

त्याने तोंड ओंजळीत धरलं. एवढे दिवस मी त्याच्यासाठी वाक्यं साठवून ठेवली होती, एकेक धार लावलेलं. त्यातलं एकही बाहेर येईना. कारण तिचंच मत तिच्या भावाच्या तोंडून ऐकत होते मी, जवळजवळ त्याच शब्दांत. तिला हे तेव्हाच दिसलं होतं. हसत देणारा भाऊ खोटा, हे ती त्या फरशीकडे बघत ठरवून बसली होती, सह्यांच्या आधी कितीतरी दिवस. मला वाटत होतं आम्ही पुस्तकाबद्दल बोलतोय. सलीमला मी माफ केलेलं नाही. ते माझं कामही नव्हे, जिचं होतं तिने करून टाकलं. पण निघताना तो म्हणाला, "ताई, कधीमधी फोन करू का?" तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही, आणि हो सुद्धा म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात दोन नंबरमधल्या जोडप्याने एक कादंबरी मागे ठेवली. नवी आहे, नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एक माणूस बायको गेल्यावर तिच्या गावी जातो आणि तिथे राहतो, एवढीच गोष्ट. जुन्या पुस्तकांवर नसीम काय म्हणाली होती ते मला पाठ आहे. स्वयंपाक करताना मी तिच्याशी वाद घालते, ती उत्तरं देते, तिची तीच. पण ह्या पुस्तकावर तिने काही म्हटलेलं नाही. मी पडवीत बसून तिच्या आवाजात एखादं वाक्य बोलून पाहिलं, बोंबील म्हणून पाहिलं, लबाड म्हणून पाहिलं. ते सगळं माझंच होतं, तिचं नव्हतं. पुस्तक परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. चांगलं आहे की टाकाऊ, मला ठरवता येत नाही.